धातूचे दफ्तर

इतिहासाचे साधन म्हटले की आम्हां खानदेशातील मराठीच्या अध्यापकांना धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दफ्तरे आठवतात. कसर, वाळवी आणि ओल हे कागदाचे वैरी. गोव्यात बोगमाळो येथे १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयातले दफ्तर मात्र धातूचे आहे आणि बरेचसे उघड्यावर आहे. १९७१च्या युद्धात 'विक्रांत'वरून झेपावलेल्या सी हॉक आणि अलिझे जातीची विमाने तेथे ऊनपाऊस सोसत उभी आहेत. खारी हवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सांध्यांतून पोखरते. रंगाचा थर हाच त्यावरचा नेहमीचा उपाय. परंतु जो रंग पत्रा राखतो, तोच जुनी अक्षरे झाकतो. तेथील सुपर कॉन्स्टलेशन मूळचे एअर इंडियाचे, 'रानी ऑफ एलोरा' या नावाचे. पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि अखेरीस नौदलाकडे आले. अंगावर उरली ती शेवटची ओळख.

खुद्द 'विक्रांत' मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ साली मोडीत निघू लागली. त्या मानाने ही विमाने भाग्यवान. तथापि संपादक पाठभेद नोंदवतो, तशी नव्या रंगाआधी जुन्या थराची नोंद व्हावी. एरवी उरेल तो पत्रा, साधन नव्हे.