कुलूप दाराला, किल्ली खिळ्याला

देशातलं पहिलं आधार आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१०, शहादा तालुक्यातलं टेंभली. मनमोहन सिंग, सोनिया गांधी आले होते. पहिला नंबर रंजना सोनवणे यांना मिळाला. ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. त्या नंबराच्या कुलपाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

नोंदणीच्या वेळी ठसे, डोळे, पत्ता यांची फाईल ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवरच २०४८ बिटच्या किल्लीने एन्क्रिप्ट होते. उघडायची किल्ली तिथे नसतेच, ती प्राधिकरणाकडे. मोलगीच्या घाटात लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला त्या फाईलीतलं काही वाचता येणार नाही.

गळती झाली ती दुसऱ्या टोकाला. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिलं की पेन्शन, रोजगार हमी अशा चार सरकारी पोर्टलांवर मिळून अंदाजे १३ कोटी आधार नंबर उघडे पडलेत. कुलूप कुणी फोडलं नव्हतं, याद्याच उघड्यावर ठेवल्या होत्या. त्याच वर्षी जुलैत 'आधार डेटा व्हॉल्ट' सक्तीचा झाला. नंबर एन्क्रिप्ट करून वेगळ्या तिजोरीत, रोजच्या कामाला पर्यायी क्रमांक, आणि किल्ली तिसऱ्याच यंत्रात.

सर्व्हर सांभाळणारे हाच धडा आधी शिकले होते. शेकडो सर्व्हर आता कोणी एकेक करून लावत नाही. सूचना एकदा फाईलीत लिहायच्या, ॲन्सिबलसारखं सॉफ्टवेअर त्या सगळीकडे राबवतं. पण डेटाबेसचा पासवर्डही त्याच फाईलीत, साध्या अक्षरांत, आणि फाईल टीमभर फिरते! म्हणून २०१४ मध्ये ॲन्सिबलमध्ये 'व्हॉल्ट' आलं. गुपितं एन्क्रिप्ट करूनच ठेवायची, उघडायचा पासवर्ड वेगळा. तोच पासवर्ड कुणी शेजारच्या फाईलीत लिहून ठेवला, तर मग काय उपयोग?

हे आज लिहायचं कारण, परवा एका कार्यालयाच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी पाहिली. नावापुढे पूर्ण बारा आकडे. आधार कायद्याचं कलम २९ असं जाहीर लावायला मनाई करतं. ओळख पटायला शेवटचे चार आकडे पुरतात. ज्या जिल्ह्याने देशाला पहिला नंबर दिला, तिथल्याच माणसांचे नंबर असे भिंतीवर.

अशी यादी दिसली तर तिथल्या साहेबांना सांगा, काढायला लावा. फोटो मात्र इथे टाकू नका. नंबर आणखी पसरतील.