गिस्लेबेर्तुस

गिस्लेबेर्तुस : (इ. स. बाराव्या शतकाचा पूर्वार्ध). रोमनेस्क शिल्पकार. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात ओतँ येथे असलेल्या सेंट लाझार कॅथीड्रलमधील शिल्पांचा कर्ता म्हणून प्रसिद्ध. जन्म, मृत्यू, शिक्षण यांविषयी माहिती मिळत नाही. शैलीसाम्यावरून त्याने क्लूनी येथेही काम केले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

संत लाझारच्या अवशेषांसाठी हे चर्च 1120 च्या सुमारास बांधावयास घेतले. पश्चिम दारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टात, म्हणजे टिंपॅनममध्ये, ‘अंतिम न्यायनिवाडा’ हा विषय उठावात कोरलेला आहे. मध्यभागी प्रचंड, निश्चल ख्रिस्त; भोवतीच्या आकृती कमालीच्या उंच व कृश. प्रमाणबद्धतेच्या अभिजात कसोट्या लावून या आकृतींना बेढब ठरविणे चुकीचे आहे. त्यांचा ताण त्या लांबणीतूनच येतो. आत्म्यांच्या तुलेपाशी सैतान पारडे आपल्याकडे ओढू पाहतो. खालच्या पट्टीत थडग्यांतून उठणाऱ्यांमध्ये दोन यात्रेकरू असून त्यांच्या झोळ्यांवर शिंपला व क्रूस ही तीर्थचिन्हे आहेत. पलीकडे दोन अजस्र हातांनी एका पाप्याचे मुंडके आवळले आहे.

ख्रिस्ताच्या पायांखाली, ‘हे गिस्लेबेर्तुसने केले’ अशा अर्थाचा लॅटिन कोरीव लेख आहे. ग्रिव्हो व झार्नेत्स्की यांचा 1961 चा ग्रंथ या लेखावरून एकाच शिल्पकाराचे कर्तृत्व उभे करतो. उलट, हे नाव शिल्पकाराचे नसून पूर्वकालीन सरदाराचे असावे, असा पक्ष लिंडा सायडेल यांनी 1999 मध्ये मांडला. निर्णय झालेला नाही. शिल्पांच्या गुणवत्तेला त्याने बाधही येत नाही.

अठराव्या शतकात ही शैली रानटी वाटू लागली. 1766 मध्ये चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी टिंपॅनम गिलाव्याखाली झाकला. ख्रिस्ताचे मस्तक गिलाव्यातून पुढे येत असल्याने ते तोडून काढले. या अवहेलनेमुळेच फ्रेंच राज्यक्रांतीतील मूर्तिभंजनातून पट्ट वाचला. 1837 मध्ये गिलावा काढण्यात आला. मस्तक 1948 मध्ये परत बसविले.

उत्तर दार मात्र 1766 मध्येच नष्ट झाले. त्याचे दगड घरबांधणीत गेले. अशा एका घराच्या पाडकामात 1856 मध्ये ‘ईव्ह’ची शिला सापडली, ती आता ओतँच्या रोलँ संग्रहालयात आहे. दारावरील आडव्या पट्टीत बसविण्यासाठी ईव्ह झाडोऱ्यातून जणू पोहत असल्यासारखी आडवी कोरली आहे. एक हात गालाशी, दुसरा न पाहताच मागील फळ खुडणारा. फांदी वाकविणारा सैतानाचा पंजा तेवढा उरला आहे. जागेची अडचणच येथे रचनेचे बळ ठरली. रोमनेस्क काळातील एवढी मोठी नग्न स्त्रीप्रतिमा दुर्मिळ आहे. समोरचा ॲडम उपलब्ध नाही.

आतील स्तंभशीर्षांपैकी जूडासची आत्महत्या, इजिप्तकडे पलायन व मॅगींचे स्वप्न ही उल्लेखनीय. शेवटच्यात एकाच पांघरुणाखाली झोपलेल्या तीन राजांपैकी एकाच्या हाताला देवदूत बोटाने हलकेच स्पर्श करतो. ही शीर्षे एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीच्या वेळी उतरविली असून कॅथीड्रलच्याच एका दालनात ठेवली आहेत.