छायाद्रव्यांची कथा : प्रवेश आणि निर्गम

‘जालना सोने का पालना’ अशी एक म्हण मराठवाड्यांत ऐकूं येते. व्यापारानें गजबजलेल्या त्या गांवाच्या जुन्या वैभवाची ती खूण होय. आज मात्र जालन्याची ख्याति सोन्यापेक्षां लोखंडाची अधिक. घरबांधणीच्या लोखंडी सळया तेथील कारखान्यांतून दूरदूर जातात. सोनें आणि लोखंड यांचें व्यवहारांतील स्थान सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु हेच धातु अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें रक्तांत सोडून यकृताचें किंवा रक्तवाहिन्यांचें चित्र घेण्याचे प्रयत्न गेल्या कांहीं दशकांत झाले, ही गोष्ट तितकी परिचयाची नाहीं. या प्रयत्नांमागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत यशाइतकाच एका मोठ्या चुकीचाही वाटा आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींत राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. हाडांत चुन्याचा अंश असल्यामुळें त्यांची छाया ठसठशीत उमटते. जठर, यकृत आणि रक्तवाहिन्या मात्र एकसारख्या फिकट दिसतात. हे मऊ अवयव उठून दिसावयाचे तर किरण अडविणारें कांहीं द्रव्य त्यांत भरावें लागतें. डॉक्टर त्यास ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. मराठींत त्यास छायाद्रव्य म्हणतां येईल. जानेवारी १८९६ मध्यें, म्हणजे शोधानंतर दोन-तीन महिन्यांतच, व्हिएन्ना येथें हाशेक आणि लिंडेनथाल यांनीं कापून काढलेल्या एका हाताच्या रक्तवाहिन्यांत हिंगूळ, खडू आणि पेट्रोलियम यांचें मिश्रण भरलें. चित्र उत्तम आलें. पण हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. असलें मिश्रण जिवंत माणसाच्या रक्तांत सोडणें शक्य नव्हतें. अशा रीतीनें पहिल्याच पावलाशीं प्रश्न उभा राहिला : द्रव्य आंत न्यावें हें खरें, पण तें बाहेर कसें यावें?

ज्या द्रव्यांस हें उत्तर सांपडलें तीं टिकलीं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. परंतु बेरियम सल्फेट पाण्यांत विरघळतच नाहीं, म्हणून तें आंतड्यांतून जसेंच्या तसें बाहेर पडतें. १९१० पासून त्याचा प्रचार झाला. पोटाच्या फोटोपूर्वीं रोग्यास जें दुधासारखें पांढरें पाणी पाजतात तें हेंच. १९२९ च्या सुमारास आयोडिनयुक्त द्रव्यें आलीं. तीं शिरेंतून दिलीं असतां मूत्रपिंडावाटे निघून जातात. एकाची वाट आंतड्यांतून, दुसऱ्याची मूत्रांतून. दोन्ही वाटा निश्चित होत्या.

याच सुमारास, १९३० च्या आसपास, ‘थोरोट्रास्ट’ नांवाचें औषध जर्मनींतून बाजारांत आलें. एके काळीं पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जाळी ज्या थोरियममुळें लखलखत असे, त्याच थोरियमच्या ऑक्साइडचे हे कण. त्यांचा आकार नॅनोमीटरांत मोजावा इतका लहान. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केसच साधारणतः ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. कण एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून त्यांवर डेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थाचें आवरण असे. नॅनोकण हा शब्द प्रचारांत येण्यापूर्वींचें हें नॅनोकणांचें औषध होतें. त्यानें रोग्यास टोंचतांना वेदना होत नसत, ताप येत नसे, आणि चित्र तर इतकें स्वच्छ येई कीं लिस्बनचे डॉक्टर एगास मोनिझ यांनाही त्याचा मोह पडला. १९२७ सालीं आयोडिनचा क्षार वापरून मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें चित्र घेणारे मोनिझ १९३१ पासून थोरोट्रास्टकडे वळले.

पण थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याचे कण रक्तांतून यकृतांत व प्लीहेंत पोहोंचले कीं तेथील भक्षक पेशी, ज्यांचें काम परकी कण गिळून टाकणें हेंच, त्यांस गिळीत. परंतु पचवूं शकत नसत. थोरियमचा निम्मा अंश क्षीण होण्यास सुमारें १,४०० कोटी वर्षें लागतात. म्हणजे एका दिवसाच्या चित्रासाठीं दिलेलें द्रव्य रोग्याच्या देहांत आजन्म राही आणि आजूबाजूच्या पेशींवर अल्फा किरणांचा मारा करीत राही. १९३२ सालींच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या एका मंडळानें याविरुद्ध इशारा दिला होता. तरीही वापर चालूच राहिला, कारण अपाय कोणाच्या डोळ्यांस दिसत नव्हता. १९४७ सालीं, औषध टोंचल्यानंतर बारा वर्षांनीं यकृताचा कर्करोग झालेल्या एका रोग्याची हकीकत अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. पुढें जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान या देशांत अशा रोग्यांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यांत आला. वीस-तीस वर्षांनंतरही रोग उद्भवत असल्याचें सिद्ध झालें. १९५० नंतरच्या दशकांत औषध बंद पडलें. रोग्यांच्या देहांतील कण मात्र तेथेंच राहिले.

महाराष्ट्रांत याच प्रश्नाचें निराळें उत्तर पाहावयास मिळतें. मुंबईंत ट्रॉम्बे येथें १९५५ सालीं थोरियमचा कारखाना सुरू झाला. १९५६ सालीं तेथेंच अप्सरा ही अणुभट्टी पेटली. आणि १९६३ सालीं परळ येथें टाटा रुग्णालयाच्या आवारांत किरणोत्सर्गी औषधांनीं रोगनिदान करणारें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. या शास्त्रांत यकृताचें चित्र घेण्यासाठीं १९६४ पासून गंधकाच्या सूक्ष्म कणांवर टेक्नेशियम बसवून देण्याची पद्धति रूढ झाली. हें द्रव्य छाया पाडीत नाहीं, तर स्वतःच किरण सोडतें, आणि यंत्र ते टिपतें. कण त्याच भक्षक पेशींत शिरतात. परंतु या टेक्नेशियमचा निम्मा अंश सहा तासांत संपतो. थोरियम आणि टेक्नेशियम, दोघांचें घर एकच; भेद केवळ मुक्कामाचा. एकाचा मुक्काम युगांचा, दुसऱ्याचा दिवसाचा.

लोखंडाची गोष्ट आणखी वेगळी. १९९६ सालीं अमेरिकेंत लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण एमआरआय या चुंबकीय चित्रणासाठीं मान्य झाले. निरोगी यकृत ते गिळून चित्रांत काळवंडे आणि भक्षक पेशी नसलेली गांठ उजळ राही. लोह हें रक्ताचेंच घटकद्रव्य असल्यामुळें शरीर तें हळूहळू आपल्या कामीं लावूं शकतें. हें औषध पुढें बाजारांतून गेलें. कल्पना मात्र राहिली. सोनें शरीरांत असें जिरत नाहीं, म्हणून तेथें आकार महत्त्वाचा. २००६ सालीं दोन नॅनोमीटरांहूनही लहान सुवर्णकण उंदरांस टोंचून रक्तवाहिन्यांचीं चित्रें घेण्यांत आलीं, आणि कण मूत्रावाटे बाहेर पडले. साडेपांच-सहा नॅनोमीटरांहून मोठा कण मूत्रपिंडाच्या गाळणींतून सहसा जात नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं २००४ सालीं गवती चहाच्या अर्कानें सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण तयार केले, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे. परंतु कण तयार होणें आणि तो रोग्यास देण्यास योग्य ठरणें यांत मोठें अंतर आहे. सुवर्णकण अद्याप नित्याच्या चित्रणांत आलेले नाहींत.

१ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्यांत २०१८ सालीं मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेची शाखा निघाली. लोखंडाच्या गांवीं आतां रसायनशास्त्राचे विद्यार्थी शिकत आहेत. त्यांच्यापैकीं कोणी उद्यां औषध वाहून नेणारा एखादा नवा कण घडविला, तर तो किती सूक्ष्म आहे आणि चित्र किती स्पष्ट येतें हें लोक आधीं विचारतील. थोरोट्रास्टनें हे दोन्ही प्रश्न उत्तम रीतीनें सोडविले होते. न विचारलेला तिसरा प्रश्न लक्षावधि रोग्यांच्या वांट्यास आला.