सावकाश, गाडी रनिंगमध्ये आहे

आमच्या बेळगावकडच्या गॅरेजांत 'रनिंग' हा शब्द धावण्यासाठी वापरीत नसत. उलट न धावण्यासाठी वापरीत. इंजिन खोलून, बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून पुन्हा बांधले, की गाडी 'रनिंगमध्ये' आहे असे म्हणायचे. म्हणजे पुढचे हजारेक किलोमीटर ती जपून चालवायची, ओझे लादायचे नाही, घाट चढवायचा नाही आणि मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी मनावर घ्यायचे नाही. इंग्लंडात अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावीत. आमच्याकडे पाटी नव्हती, मिस्त्रींचा शब्द होता.

हा शिरस्ता आला कुठून, आणि त्यात खरे किती, रूढी किती, याचा शोध घेता घेता मी थेट अठराव्या शतकात जाऊन पोचलो.

वाफेचे इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॉटपुढची मोठी अडचण कल्पनेची नव्हती, गोलाईची होती. त्या काळी मोठे सिलिंडर नीट गोल होतच नसे. पिस्टनभोवती ताग गुंडाळून, चरबी चोपडून वाफ अडवावी लागे. तोफा कोरण्याच्या कामात मुरलेल्या जॉन विल्किन्सनने १७७५च्या सुमारास सिलिंडर कोरण्याचे नवे यंत्र केले, तेव्हा कुठे वॉटचे इंजिन धंद्याला लागले. पुढे १८५०नंतरच्या दशकात जॉन रॅम्सबॉटमने पिस्टनसाठी फट असलेली, स्प्रिंगसारखी बाहेर रेटणारी धातूची रिंग आणली. आज आपल्या मोटारीत असते ती याच रिंगेची वंशज.

आता गंमत अशी, की सिलिंडर कितीही नेमका कोरला तरी तो आरशासारखा गुळगुळीत असून चालत नाही. बोअर झाल्यावर 'होनिंग' करतात. दगडाच्या कांड्या फिरवून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडतात. त्या रेषांत तेल धरून राहते आणि त्यांच्या कडांवर नवी रिंग घासून बसते. रिंगेची कड आणि भिंत यांची एकमेकांशी ओळख होण्याचा हा काळ म्हणजे रनिंग. झीज दोघांचीही होते, पण ती थोडी आणि मापात.

मग यात सावकाशपणाचा एवढा बाऊ का? त्याचे उत्तर रिंगेत नव्हे, बेअरिंगमध्ये आहे. जुन्या इंजिनांत क्रँकखालची बेअरिंगे पांढऱ्या धातूची, जागेवरच ओतलेली असत. मिस्त्री शाफ्टला निळा रंग लावून, तो जिथे उमटेल तिथला उंचवटा पात्याने खरवडीत. हे काम हाताच्या अंदाजाचे. इंजिन इतके घट्ट बांधले जाई, की कधी कधी स्टार्टरने फिरत नसे; दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढावे लागे. असे इंजिन पहिल्याच दिवशी दामटले तर बेअरिंग तापून वितळण्याची भीती खरी होती. १९३०नंतर कारखान्यात मापून केलेली पातळ बेअरिंगे आली आणि हे कारण हळूहळू संपले. नियम मात्र मागे राहिला.

आपल्या देशात तो अधिकच घट्ट राहिला, कारण गाडीच मिळत नसे. १९५३-५४च्या सुमारास सरकारने धोरण बदलले. भाग इथेच तयार करतील त्यांनाच परवाना मिळू लागला आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन गाड्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची १९५७ पासूनची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. त्यामुळे इंजिन दमले म्हणून कोणी गाडी टाकून देत नसे. आधी वीस थाऊ, मग चाळीस थाऊ असे बोअर वाढवीत. तेही संपले की स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर येत. वीस थाऊ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एकेका गाडीचे आयुष्य या अर्ध्याअर्ध्या मिलिमीटरने वाढत गेले.

आमचे मामा अँबॅसडरची टॅक्सी चालवीत. इंजिनाचे काम निघाले तेव्हा मामींच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. हातची भाडी सोडून महिनाभर गाडी रिकामी पळवायची, पेट्रोल आपलेच, हे परवडणारे नव्हते. सोबतच्या ड्रायव्हरांचा सल्ला होता, गाडी अड्ड्यावरच चार-चार तास नुसती चालू ठेवा, आपोआप मोकळी होईल. उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींनी तो ऐकून कपाळाला हात लावला. त्यांची घरची भाषा कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि पान्यांशी बोलताना दोन्ही. ते म्हणाले, "मामा, जागेवर चालवून बसत नाही हो रिंग. तिला काम द्या, पण सावकाश."

त्यांनी जे सांगितले ते आजचे पुस्तकही सांगते. रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो तिच्या पाठीमागे शिरणारा जळत्या वायूचा दाब. गाडी नुसती घुरघुरत ठेवली तर तो दाब कमी पडतो, रिंग सैल राहते, होनिंगच्या रेषांतले तेल तिथेच भाजून काचेसारखे चकचकीत होते आणि मग रिंग कधीच बसत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर जन्माचा सोबती होतो. नव्या कॅमशाफ्टलाही मंद चाल सोसत नाही; त्याला पहिली वीसेक मिनिटे दोन हजारांच्या आसपास फेरे लागतात, तरच तेल उडून त्याच्यापर्यंत पोचते. म्हणून मिस्त्रींनी मामांना खानापूरचा रस्ता दाखवला. आधी मोकळी गाडी, मग दोन माणसे, वेग कधी चाळीस कधी पंचावन्न, मधूनच पाय दाबायचा आणि सोडायचा. पाचशे किलोमीटरला तेल बदलायचे, हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे. काढलेल्या तेलात बोट बुडवून ते उन्हात धरायचे. त्यातली चंदेरी चमक म्हणजे झिजलेला धातू. दुसऱ्या वेळी ती कमी दिसली, तेव्हाच त्यांनी घाटाचे भाडे घ्यायला मोकळीक दिली. पाटल्या पुढच्या दिवाळीपूर्वी घरी आल्या.

'सावकाश' हा शब्द कानडीतही आहे आणि अर्थही तोच. मिस्त्री तो कोणत्या भाषेत म्हणाले, हे मामांना कधी विचारावेसे वाटले नाही, मलाही नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे जग बदलू लागले. पद्मिनी २००० सालाच्या सुमारास थांबली, अँबॅसडर २०१४ मध्ये. आता कारखान्यातच होनिंगच्या रेषांची टोके घासून सपाट करतात. रनिंगचे निम्मे काम गाडी दारात येण्यापूर्वीच झालेले असते. तरीही नव्या गाडीच्या पुस्तिकेत पहिले हजारेक किलोमीटर जपून चालवा असे बहुधा छापलेले असतेच. आपण ते पान उलटून पुढे जातो.

नियमातली भीती कालबाह्य झाली, तिचा शोक नको. पण तेलात बोट बुडवून धातू ओळखणारी माणसे कमी होत आहेत. त्यांनी कोणतीही पोथी लिहिली नाही. त्यांची विद्या दोन भाषांच्या सरमिसळीत, पान्यांच्या खणखणाटात तोंडी चालत आली. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर दिवाळीचा फराळ घेऊन जा आणि त्याला बोलते करा. घाई मात्र करू नका.