तळटीप : विणीचा घट्टपणा आणि संमिश्राचे बळ

३. मौजे जळोची, तालुका बारामती, येथील घोंगडीचा दाखला देऊन ‘वीण जितकी घट्ट तितके वस्त्र बळकट’ असे जे विधान ग्रंथकर्त्यांनी येथे केले आहे, ते पांघरुणाच्या बाबतीत वाजवी असले, तरी काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून जो संमिश्र पदार्थ सिद्ध होतो, त्यास ते जसेच्या तसे लागू पडत नाही. कारण तंतू ओढीच्या दिशेत सरळ असेल तेव्हाच तो आपले पूर्ण बळ देतो, आणि वीण दाट झाली की ताणा बाण्याच्या खालून-वरून अधिक तीव्र वळणे घेतो, तेणेकरून पदार्थाचा ताठपणा उणावतो. या उणिवेचे गणित इशिकावा आणि चौ या संशोधकांनी १९८२ च्या सुमारास मांडले. परंतु त्यांच्या पहिल्या प्रतिमानात धाग्याचे वळण मुळीच जमेस धरलेले नव्हते, आणि दुसऱ्यात धरले तेही एकाच दिशेचे. दोन्ही दिशांची वळणे, धाग्याच्या छेदाचा आकार, दोन धाग्यांमधील फट, हा सारा तपशील हिशेबात घेणारी प्रतिमाने पवईच्या आयआयटीतील प्रा. एन. के. नाईक व त्यांचे सहकारी शेंबेकर आणि गणेश यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. हिशेब क्लिष्ट खराच. पण अशा संमिश्रांपासून बनणाऱ्या विमानाच्या भागांचा प्रश्न असल्यावर त्यास इलाज नाही. ताण्याशी ४५ अंशांच्या तिरप्या ओढीत तर तंतूंपेक्षा राळेवरच अधिक भिस्त राहते. सबब मूळ विधान घोंगडीपुरतेच ग्राह्य मानावे. — संपादक