फोल्डिट : खेळाडूंनी सोडवलेली प्रथिनांची घडी

अमिनो आम्लांची लांब साखळी घड्या घालून ठरावीक त्रिमितीय आकार घेते आणि प्रथिनाचे काम याच आकारावर अवलंबून असते, हे तुम्ही जीवशास्त्रात शिकला असाल. हा आकार गणिताने शोधायचा, तर शक्यता अफाट. एका प्रयोगशाळेचे संगणक पुरत नाहीत, म्हणून सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००५ मध्ये ‘रोझेटा अ‍ॅट होम’ सुरू केले. लोकांनी आपला रिकामा संगणक वापरू द्यायचा, एवढीच अपेक्षा. पडद्यावर प्रथिनाची हालचाल दिसे. ती पाहून काही जण कळवू लागले, की हे आम्ही हाताने याहून बरे करू!

गटाने ही तक्रार मनावर घेतली. त्याच विद्यापीठातील झोरान पोपोविच, सेथ कूपर आदी संगणकतज्ज्ञांच्या साथीने मे २००८ मध्ये ‘फोल्डिट’ हा खेळ आला. माउसने साखळी ओढायची, वळवायची. रचनेची ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त.

माणसाने इथे नेमके काय साधले? २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखात याचे उत्तर आहे. संगणकाचा शोध अनेकदा जवळच्या बऱ्या रचनेत अडकून राही. खेळाडू मात्र गुण घसरले तरी ती मोडून नव्याने बांधत. अर्थात ते दरवेळी जिंकले नाहीत. पूर्ण उलगडलेल्या साखळीपासून सुरुवात करायची असली, की तेही चाचपडत.

पुढच्याच वर्षी मोठे यश आले. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या मेसन-फायझर विषाणूच्या प्रोटिएज या विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती. खेळाडूंनी सुमारे तीन आठवड्यांत पुरेसे अचूक प्रारूप दिले. क्ष-किरणांची माहिती हाताशी होतीच. ती या प्रारूपाशी जुळवून शास्त्रज्ञांनी अंतिम रचना ठरवली.

आता श्रेयाचा प्रश्न. २०१० च्या लेखाच्या लेखकांत ‘फोल्डिट प्लेयर्स’ असे सामूहिक नाव आहे, २०११ च्या लेखात खेळाडूंच्या गटांची नावे आहेत. माझ्या मते खेळापेक्षा ही गोष्ट अधिक नवी होती. पूर्वी निरीक्षणे पाठवणाऱ्या हौशी मंडळींना बहुधा आभारांच्या ओळीत जागा मिळे. तरीही एखाद्याने वैयक्तिकरीत्या नेमकी कोणती चाल शोधली, हे अशा सामूहिक नावावरून तुम्हाला कळणार नाही.