केडगावची मुक्ती

१८९७ साली मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या मोठ्या भागात आणि नागपूरकडच्या जिल्ह्यांत, मोठा दुष्काळ होता. सरकारनं खडी फोडायची, रस्ते बांधायची कामं काढली होती. ज्यांना काम झेपत नव्हतं त्यांच्यासाठी अन्नछत्रं, अनाथालयं होती. कागदावर सगळी सोय होती. पंडिता रमाबाई तिकडे गेल्या तेव्हा त्यांना दुसरंच दिसलं. एकट्या पडलेल्या पोरीबाळी, तरुण विधवा मूठभर धान्यासाठी मुकादमाच्या, पहारेकऱ्याच्या मर्जीवर होत्या. पोरी पळवणारे, विकत घेणारे दलाल छावण्यांभोवती घिरट्या घालत होते. अशा ठिकाणी भुकेला जात नसते, हे खरं आहे. पण भुकेला बाई आणि पुरुष असा भेद असतो. पुरुष भुकेनं मरतो. बाईला मरण्याआधी आणखी बरंच काही सोसावं लागतं.

रमाबाईंचा विचार साठेक मुलींना आणायचा होता. आणल्या सुमारे तीनशे.

हे काम त्यांनी का अंगावर घेतलं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. पुराणं सांगत तीर्थं फिरणारं हे घर. शेवटी जवळचं सगळं संपलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीनं कमी, म्हणून तिरडीची तिची बाजू तिनं डोक्यावर घेतली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि अगदी दोन ओळींत. ज्या पोरीनं आईची तिरडी डोक्यावर वाहिली, ती पुढं तेवीस वर्षांनी दुष्काळाच्या छावणीत गेली, तर तिला कुणी 'धर्मप्रसारक' एवढंच म्हणावं हे मला पटत नाही.

पण ती धर्मप्रसारक होती, हेही खरं. तो भाग गाळून पुढं जाणं म्हणजे आपल्या सोयीची रमाबाई तयार करणं.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठा गहजब झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूनं जे मोजके लोक बोलले त्यांत जोतीराव फुले होते. 'सत्सार'मध्ये १८८५ साली त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. गंमत अशी, की तिकडे वाँटेजच्या मठातल्या सिस्टरनाही ही बाई सोपी गेली नाही. तिला क्रूस दिला, तर त्याच्यावरचे लॅटिन शब्द तिला नको होते. मला लॅटिन येत नाही, इथल्या मुलुखात कुणाला येत नाही, संस्कृत का नको, असा तिचा सवाल. अंडं घातलेली पुडिंगं ती खात नसे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तिनं वाद घातला, बिशपांशीही घातला. धर्म बदलला म्हणून डोकं दुसऱ्याच्या हवाली करायचं नाही, हा तिचा बाणा. मी मुसलमान घरात जन्मलो आणि मराठीत कविता लिहितो. देव कुठल्या भाषेत बोलतो हा प्रश्न मला लहानपणापासून दोन्हीकडून विचारला गेला आहे. क्रूसावर संस्कृत मागणारी ही बाई म्हणूनच मला जवळची वाटते.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. पैसा अमेरिकेतून आला, आणि अट अशी की तिथं कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. रानडे, भांडारकर सल्लागार होते. मुली रमाबाईंच्या खोलीत प्रार्थनेला जाऊन बसतात, असा आरोप झाला. 'केसरी'नं आघाडी उघडली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, हिचं त्याच १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो हिंदू चौकटीत. म्हणजे भांडणातूनही बायकांना एक घर जास्तच मिळालं. आपल्याकडे अशी भांडणं थोडी कमी झाली, याचं कधी कधी वाईट वाटतं.

तर १८९७. दुष्काळातल्या मुली घेऊन रमाबाई पुण्यात पोचल्या आणि पुण्यात प्लेग. शहरात इतकी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी आधी जमीन घेऊन ठेवली होती, तिथं झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांची काय दैना होते, याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. ज्यांना वाटतं की बाप्तिस्मा घेतला म्हणजे माणूस सरकारचा झाला, त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं.

मग १८९९–१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत त्याला 'छप्पनियो' म्हणतात. भिल्लांच्या पंचमहालाची तर स्मशानभूमी झाली. रमाबाईंची माणसं गुजरातेत गेली, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. आता हे उच्चवर्णीय विधवांचं सदन उरलं नव्हतं. शेतकरी, मजूर, हरतऱ्हेच्या जातींच्या पोरी, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्यांना समाज 'पतिता' म्हणत होता, त्यांच्यासाठी १८९९ मध्ये कृपा सदन निघालं. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. रमाबाईंची मुलगी मनोरमा तिथं ब्रेल शिकवी. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं ठेवली. तेलघाणी, विणकाम, बेकरी, छापखाना, सगळं बायकांच्या हातात.

आणि प्रार्थना. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं, ते कुणी लपवलं नाही. १९०५ मध्ये तिथं जे धार्मिक 'पुनरुज्जीवन' झालं, रात्ररात्र रडत, आक्रोशत प्रार्थना झाल्या, ते जगभरच्या मिशनऱ्यांत गाजलं.

इथं मी थोडा थांबतो. उपाशी पोरीला अन्न देऊन आपल्या देवापुढं बसवणं, याला स्वेच्छेचं धर्मांतर म्हणायचं का? माझं मत सरळ आहे: नाही. दहा वर्षांच्या भुकेल्या मुलीच्या होकाराला काही अर्थ नसतो. पण त्याच न्यायानं तिला तिच्या जन्माच्या धर्मानं काय विचारून विधवा केलं होतं, हेही मोजा. मराठीत धर्म बदललेल्या बाईला 'बाटली' म्हणतात. छावणीत मुकादमानं नासवलेल्या पोरीसाठी मात्र मुकादमाला लागू होईल असा शब्द भाषेनं घडवला नाही. तिलाच 'पतिता' म्हटलं. भाषा कुणाच्या बाजूनं घडते, ते असं दिसतं. ज्यांनी त्या काळी रमाबाईंवर अग्रलेख लिहिले, त्यांतल्या किती जणांनी छावणीत जाऊन एक पोर तरी घरी आणली असती, एवढाच प्रश्न माझ्यापाशी उरतो.

आश्रय हा एकच रस्ता नव्हे, हेही मान्य. ठाणे जिल्ह्यात वारली लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढत आणि ते फेडायला नवराबायको दोघं त्याच्याकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. त्या घरांतल्या बायकांच्या अब्रूवर जमीनदाराचा हक्क समजला जाई. गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून तिथं जे केलं, त्यात आसरा देणं नव्हतं. उभं राहायला शिकवणं होतं. 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सगळं आलं आहे. मला विचाराल तर तो रस्ता अधिक लांबचा पल्ला गाठणारा. पण ज्या रात्री दलाल दारात असतो, त्या रात्री बाईला संघटना नको असते, दाराला आतून कडी हवी असते. आमच्या घरच्या बोलीत याला 'पनाह' म्हणतात.

मी नवी मुंबईत राहतो. पनवेलच्या पलीकडे कर्जत, खालापूर, सुधागडच्या वाड्यांतून पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. उचल देतो त्याला कुठं शेठ म्हणतात, कुठं मुकादम. १८९७ च्या छावणीतला शब्द अजून चालतो आहे, आणि त्याच्या मागून येणाऱ्या बाईची अवस्था, सगळीकडे नसली तरी पुष्कळ ठिकाणी, त्याच वळणाची आहे. केडगावचं मिशन आजही चालू आहे; निराधार बायका आणि मुलं तिथं राहतात. ते इथून पुण्यामार्गे दौंडच्या वाटेवर. दौंडपलीकडे भीमा ओलांडली की श्रीगोंदा, आमच्या शेख महंमदांचं गाव. मुसलमान असून मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारा संत. त्या मुलुखात देवांची ये-जा तशी जुनी आहे.

रमाबाईंनी उतारवयात बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. आधीची मराठी बायबलं शिकलेल्या पुरुषांनी केलेली; साध्या बाईला कळतील असे शब्द त्यांना हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये पुरं होऊन बाहेर पडलं, केडगावच्याच छापखान्यातून. त्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, बांधणीला बायकाच होत्या, आणि त्यांतल्या कित्येक जणी आल्या तेव्हा त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं.